जेम्स प्रिन्सेप : टांकसाळीतला लिपिकार

कोलकात्यात हुगळीच्या काठी, फोर्ट विल्यमजवळ, शुभ्र स्तंभांची एक देखणी वास्तू उभी आहे. तिला प्रिन्सेप घाट म्हणतात. सायंकाळी तेथे वारा खाण्यास येणाऱ्यांत आपल्या मंडळाचे सभासदही पुष्कळ असतात. पण हा प्रिन्सेप कोण, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तो कोणी लाटसाहेब किंवा सेनापती नव्हता. तो टांकसाळीतला एक अधिकारी होता. उभा जन्म सरकारी चाकरीत घालविलेल्या आम्हांस त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटते, हे आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो.

जेम्स प्रिन्सेपचा जन्म १७९९ सालचा. त्याच्या वडिलांनी हिंदुस्थानात निळीच्या व्यापारात मोठी संपत्ती मिळविली आणि पुढे विलायतेत ती गमावली. मुलाला वास्तुशास्त्र शिकावयाचे होते. परंतु डोळ्यांच्या विकारामुळे तो नाद सोडावा लागला. मग लंडनच्या टांकसाळीत धातूचा कस काढण्याची विद्या संपादन करून १८१९ साली, विशीत पाऊल टाकताच, तो कलकत्त्यास उतरला. दुसऱ्याच वर्षी त्याची काशीच्या टांकसाळीत कसपरीक्षक म्हणून नेमणूक झाली.

काशीतील दहा वर्षांत त्याने काय केले नाही? शहराचा नकाशा काढला, शिरगणती केली, सांडपाण्यासाठी भुयारी मार्ग बांधला, कर्मनाशा नदीवर पूल उभारला आणि औरंगजेबाच्या मशिदीचे खचू लागलेले मिनार सावरले. घाटांची जी चित्रे त्याने रेखाटली ती आजही पाहत राहावीशी वाटतात. भट्टीतील प्रखर उष्णता मोजण्याच्या त्याच्या पद्धतीवरील निबंध १८२८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. १८३० साली काशीची टांकसाळ बंद झाली आणि तो कलकत्त्यास परतला. होरेस विल्सन विलायतेस गेल्यावर, १८३२ पासून टांकसाळीचे मुख्य कसपरीक्षकपद आणि एशियाटिक सोसायटीचे चिटणीसपद अशी दोन्ही ओझी त्याच्या शिरावर आली.

येथे टांकसाळीच्या कारभाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्या काळी देशात नाना तऱ्हेचे रुपये चालत. आपल्याकडची अंकुशी आणि चांदवडी नाणी त्यांतलीच. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा. जुने नाणे टांकसाळीत आले म्हणजे ते केवळ चांदी म्हणून येई. तुकडा काढावयाचा, कस ठरवावयाचा आणि उरलेले मुशीत घालावयाचे. १८३५ साली कंपनीने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया सर्वत्र सुरू केला. त्या सुधारणेचा प्रिन्सेप आग्रही पुरस्कर्ता होता. म्हणजे ज्या यंत्रणेने असंख्य जुनी नाणी वितळविली तिचा तो एक आधारस्तंभ. आणि जुन्या नाण्यांवरील अक्षर न् अक्षर वाचले गेले पाहिजे, या ध्यासाने त्या काळी सर्वाधिक झपाटलेला माणूसही तोच. दिवसा भट्टी आणि रात्री भिंग, असा त्याचा क्रम होता. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. धातूची किंमत ज्याला नेमकी ठाऊक असते, त्यालाच नाण्याची खरी किंमत धातूत नाही हे उमगण्याचा संभव अधिक.

त्याच्याकडे नाणी येत ती चहूंकडून. रणजितसिंहाच्या पदरी असलेल्या व्हेंतुराने १८३० मध्ये माणिक्यालाचा स्तूप उकरला, त्यातील वस्तू कलकत्त्यास आल्या. कंपनीच्या फौजेतून पळून नाव बदलून राहिलेल्या चार्ल्स मॅसनने काबूलजवळच्या बेग्राम येथे हजारोंनी नाणी गोळा केली. या नाण्यांच्या एका बाजूस ग्रीक अक्षरे आणि दुसऱ्या बाजूस आज आपण जिला खरोष्ठी म्हणतो ती लिपी होती. दोन्ही बाजूंना एकाच राजाचे नाव असावे हे मॅसनच्या ध्यानी आले आणि तो धागा धरून प्रिन्सेपने त्या लिपीतील बरीच अक्षरे लावली. मात्र अशा कामास उपयोगी पडते ते चांगले राखलेले नाणे. झिजलेल्या, किंवा हौशी माणसाने लखलखीत दिसावे म्हणून घासून काढलेल्या नाण्यावर राजाचा मुखवटा कदाचित उरतो, कडेचे लेख मात्र नाहीसे होतात. दिसेल ते नाणे चिंचेने उजळणारे सज्जन आजही आढळतात. त्यांना काय म्हणावे?

सौराष्ट्रातील क्षत्रपांची चांदीची नाणी तर लहानग्या बटणाएवढी. लेख कडेने फिरतो आणि निम्मा ठशाबाहेर पडलेला असतो. अनेक नाणी जुळवून पाहावी तेव्हा कोठे पूर्ण वाक्य हाती लागते. १८३७ मध्ये ही नाणी वाचताना षष्ठी विभक्तीचा प्रत्यय प्रिन्सेपच्या ओळखीचा झाला. त्यानंतर एकदोन दिवसांतच सांचीच्या कठड्यावरील लहान लहान लेखांचे ठसे त्याच्यापुढे आले. प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि त्यांच्या आधी बहुधा तोच षष्ठीचा स. भाविकांनी देवस्थानाला काही अर्पण केले म्हणजे त्यावर आपले नाव घालतात, ही रीत त्याने पाहिलेली होती. शेवटचा शब्द दानं असणार, हे त्याने ताडले. द आणि न सापडले, आणि थोड्याच अवधीत ब्राह्मीची वर्णमाला उभी राहिली. पंडित कमलाकांत विद्यालंकार त्याच्या साह्यास होते. त्यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. दिल्लीच्या स्तंभावरील प्रियदर्शी राजा म्हणजे अशोक, हे सिंहलद्वीपातील टर्नरच्या पाली ग्रंथांवरून ठरले. १८३८ मध्ये गिरनारच्या लेखात ग्रीक राजांची नावे सापडली आणि अशोकाचा काळ निश्चित होण्यास आधार मिळाला.

या श्रमांनी त्याचे शरीर खचले. १८३८ च्या अखेरीस मेंदूच्या विकाराने जर्जर झालेल्या प्रिन्सेपला जहाजावर चढवावे लागले. बुद्धी परत आली नाही. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये त्याचा अंत झाला. वय अवघे चाळीस. कलकत्त्याच्या नागरिकांनी घाट बांधला. नाण्यांचा संग्रह १८४७ साली ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. त्याचा तरुण सहकारी कनिंगहॅम १८६१ मध्ये पुरातत्त्व खात्याचा प्रमुख झाला.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. नाणी १३,००० हून अधिक होती, सारी क्षत्रप नहपानाची. आणि त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या नाण्यावर ग्रीक, खरोष्ठी आणि ब्राह्मी अशा तीन लिपी आहेत. सातकर्णीने जित राजाची नाणी वितळविली नाहीत, हे आपले भाग्य. त्याच्या ठशाखालून नहपानाचा चेहरा आणि तिन्ही लिपींतील तुटक अक्षरे अजून डोकावतात, आणि ती वाचता येतात.