काचेच्या पेटीतील रान

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडन शहर धुराने वेढलेले असे. घरोघरी शेगडीत दगडी कोळसा जळे. कारखान्यांची धुराडी रात्रंदिवस काळा धूर ओकत असत. थेम्स नदीकाठच्या गोद्यांच्या परिसरात तर भर दुपारीही सूर्य मळकट दिसे. झाडांच्या पानांवर काजळीचा थर बसे आणि ती हळूहळू कोमेजून जात. अशा त्या वस्तीत, वेलक्लोज चौकातील एका घरात, हिरव्या वनस्पतींवर जिवापाड प्रेम करणारे एक डॉक्टर राहत होते. त्यांचे नाव नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड. आज कित्येक घरांत काचेच्या टाकीत मासे आणि पाणवनस्पती गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. त्या कलेच्या उगमांपैकी एक उगम या डॉक्टरांच्या खिडकीपाशी सापडतो.

वॉर्ड यांचा जन्म १७९१ साली लंडनमध्ये झाला. त्यांचे वडीलही डॉक्टर होते. वयाच्या तेराव्या वर्षी वॉर्ड जहाजातून जमेका बेटावर गेले. तेथील उंच ताडमाड आणि ओलसर रानांतील नाना प्रकारचे नेचे पाहून त्या बालमनावर जणू मोहिनी पडली. समुद्रप्रवासाची हौस पुढे ओसरली, पण वनस्पतींचे वेड जन्मभर टिकले. परत आल्यावर त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि वडिलांचाच व्यवसाय पुढे चालवला. गोदीतील मजूर, खलाशी आणि गोरगरीब यांच्या त्या वस्तीत रोग्यांची वाण नव्हती. दिवसभर उसंत मिळत नसे. म्हणून वॉर्ड पहाटेच उठत, शहराबाहेरच्या माळावर जात, झाडेझुडपे न्याहाळत आणि दवाखान्याच्या वेळेपर्यंत परत येत.

त्यांच्या मनात एक लहानशी इच्छा होती. घरामागच्या अंगणात दगडांची रास रचावी, तिच्यावर पाणी ठिबकत ठेवावे आणि दगडांच्या खाचांतून नेचे व मॉस वाढवावे. पावसाळ्यात आपल्याकडील जुन्या विहिरींच्या चिऱ्यांतून जी नाजूक, कातरलेल्या पानांची झाडे डोकावतात, ती नेच्यांचीच जात. दगडांवर मखमलीसारखे जे मऊ हिरवे आच्छादन पसरते, ते मॉस. ही मंडळी मूळची रानातील सावलीत राहणारी. त्यांना प्रखर ऊन लागत नाही. थोडासा उजेड आणि भरपूर ओलावा एवढ्यावर ती संतुष्ट असतात. तेव्हा लंडनच्या अंधूक अंगणात ती सुखाने वाढतील, असे वॉर्ड यांना वाटले. परंतु धुराने घात केला. एकामागून एक सारे नेचे मरून गेले आणि डॉक्टरांनी निराश होऊन तो नाद सोडून दिला.

पुढे १८२९ साली एक साधीच घटना घडली. वॉर्ड यांना कीटकांचाही अभ्यास करण्याची आवड होती. एका पतंगाच्या कोषातून पतंग कसा बाहेर पडतो, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत ओलसर माती भरली, तीत तो कोष पुरला आणि बाटलीवर झाकण बसवले. रोज ते बाटलीकडे पाहत. पतंगाकडे पाहता पाहता त्यांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. दिवसा उष्णतेने मातीतील पाण्याची वाफ होई. ती थंड काचेला लागून तिचे थेंब बनत आणि ते थेंब ओघळून पुन्हा मातीत मुरत. त्यामुळे माती नेहमीच सारखी ओलसर राही. काही दिवसांनी त्या मातीतून दोन हिरवे अंकुर वर आले. एक होता गवताचा आणि दुसरा चक्क नेच्याचा!

दुसऱ्या एखाद्याने ते अंकुर उपटून टाकले असते. वॉर्ड मात्र विचारात पडले. जो नेचा अंगणात इतकी काळजी घेऊनही जगला नाही, तो या बाटलीत आपोआप कसा उगवला? त्यांनी नेच्याच्या गरजा एकेक करून तपासल्या. ओलावा बाटलीत होता. उजेड काचेतून पुरेसा येत होता. हवाही होती; कारण झाकणाच्या फटीतून ती हळूहळू आत-बाहेर करीत असे. बाटलीत एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे धुरातील काजळी. नेच्यांचा खरा शत्रू उजेडाचा तुटवडा नसून शहराची दूषित आणि कोरडी हवा हा होता! वॉर्ड यांनी ती बाटली खिडकीबाहेर ठेवून दिली. जवळजवळ चार वर्षे तिच्यात पाण्याचा एक थेंबही घातला नाही, तरी नेच्याला दरवर्षी नवी पाने फुटत राहिली. शेवटी झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि ती दोन्ही झाडे कुजून गेली.

मग वॉर्ड यांनी सुताराकडून काचेच्या पेट्या करवून घेतल्या. हॅकनी येथील लॉडिजेस यांच्या प्रसिद्ध रोपवाटिकेने त्यांना निरनिराळे नेचे पुरवले. ते पेटीत चांगले वाढू लागले. तथापि वॉर्ड यांचे मन तेवढ्यावर थांबले नाही. त्या काळी दूरदेशीची झाडे जहाजातून आणणे फार कठीण असे. डेकवर ठेवली तर समुद्राच्या खाऱ्या तुषारांनी ती करपत; खाली कोठारात ठेवली तर अंधारात पिवळी पडून मरत. पिण्याचे पाणी माणसांनाच मोजून मिळे, तेथे झाडांना कोण घालणार? चीनहून इंग्लंडकडे पाठवलेल्या हजार रोपांपैकी जेमतेम एक जगते, असा १८१९ च्या सुमारास एका जाणकाराचा अंदाज होता.

१८३३ च्या उन्हाळ्यात वॉर्ड यांनी दोन काचपेट्यांत नेचे, मॉस आणि गवत लावून त्या ऑस्ट्रेलियातील सिडनीकडे जाणाऱ्या जहाजावर चढवल्या. जहाजाचे कप्तान चार्ल्स मॅलार्ड यांनी त्या डेकवर उजेडात ठेवल्या. काही महिन्यांनी वॉर्ड यांना त्यांचे पत्र आले. दोन-तीन नेचे सोडल्यास सारी रोपे जिवंत होती. खरी परीक्षा पुढेच होती. १८३४ च्या फेब्रुवारीत त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातील झाडे लावून त्या परत पाठवण्यात आल्या. सिडनीस कडक उन्हाळा होता. केप हॉर्नला वळसा घालताना डेकवर बर्फ साचले आणि पारा उणे ७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. विषुववृत्तापाशी तोच जवळपास ४९ अंशांवर चढला. सुमारे आठ महिन्यांनी जहाज इंग्लंडला पोहोचले, तेव्हा वॉर्ड आणि लॉडिजेस त्यावर गेले. पेट्यांतील झाडे ताजी आणि टवटवीत होती. त्यांत एक नेचा असा होता, की जो त्यापूर्वी इंग्लंडात कधीच जिवंत पोहोचला नव्हता.

वॉर्ड यांनी आपली युक्ती गुप्त ठेवली नाही. १८३६ साली तिची हकिकत प्रसिद्ध झाली आणि १८४२ साली त्यांनी त्या विषयावर पुस्तक लिहिले. काचपेट्या साऱ्या जगाच्या व्यापारमार्गांवर फिरू लागल्या. १८४८ नंतरच्या काही वर्षांत रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली. मात्र ती चिनी राज्यकर्त्यांना नकळत आणलेली होती. हिवतापावर गुणकारी असलेल्या क्विनिनचे झाड म्हणजे सिंकोना. त्याची दक्षिण अमेरिकेतील रोपे १८६१ साली याच मार्गाने निलगिरी पर्वतावर पोहोचली. या पेट्यांतून उपयोगी झाडे जशी गेली, तशी मातीबरोबर काही उपद्रवी कीड आणि तणेही दूरदेशी गेली. साधन चांगले असले, तरी ते वापरणाऱ्याने सावध असावे लागते, हेच त्यावरून दिसते.

स्वतः वॉर्ड यांना व्यापारापेक्षा माणसांची चिंता अधिक होती. ज्यांच्या कोंदट खोल्यांत सूर्याचा किरणही नीट शिरत नाही, त्या गरिबांच्या घरातही थोडी हिरवळ नांदावी, असे त्यांना मनापासून वाटे. त्यासाठी कमी उजेडात तग धरणाऱ्या वनस्पतींची निवड करावी, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. १८४५ साली इंग्लंडात काचेवरील कर रद्द झाला, काच स्वस्त झाली आणि नेच्यांच्या पेट्या अनेक घरांच्या खिडक्यांत दिसू लागल्या.

जमिनीवरची झाडे काचेत जगतात, तर पाण्यातली का जगणार नाहीत? १८४१ साली वॉर्ड यांनी पाण्याच्या एका टाकीत मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिल्या. तीच वाट पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने शास्त्रीय रीतीने स्पष्ट केली. वॉर्ड आणि वॉरिंग्टन या दोघांचाही लंडनच्या औषधकारांच्या संस्थेशी संबंध होता. वॉरिंग्टन यांनी १८४९ साली एका टाकीत दोन सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिसनेरिया नावाची, लांब फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. ही वनस्पती आपल्याकडील तलावांतही आढळते. तिच्या पानांनी उजेडात माशांना प्राणवायू पुरवला. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू तिच्या उपयोगी पडला. परंतु कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी टाकीत तळ्यातील गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी पुन्हा निर्मळ झाले. १८५० साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

आजही घरात अशी टाकी ठेवणारे जाणते लोक प्रथम उजेडाचा विचार करतात. फार प्रखर उजेड पडला, तर पाण्यात शेवाळ माजते. म्हणून मंद उजेडात संथपणे वाढणाऱ्या चिवट वनस्पती ते निवडतात. आग्नेय आशियातील ओढ्यांत वाढणारा जावा फर्न आणि आफ्रिकेतील अनुबियास या त्यांपैकी दोन होत. त्यांचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधले, की मुळे आपोआप तेथे पकड घेतात. त्यांतील जावा फर्न हा वॉर्ड यांच्या आवडत्या नेच्यांचाच पाण्यातील भाऊबंद आहे.

वॉर्ड यांना १८५२ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. ४ जून १८६८ रोजी त्यांचे निधन झाले. दक्षिण आफ्रिकेत केप प्रांतातील वाहत्या ओढ्यांच्या दगडांवर, पाण्याखाली, एक लहानसे मॉस वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८३७ साली त्याला वॉर्ड यांच्या नावावरून 'वार्डिया' असे नाव दिले. मोठमोठे पुतळे पुष्कळांचे उभे राहतात. पण सावलीतल्या, दुर्लक्षित, चिवट हिरव्या जिवांवर प्रेम करणाऱ्या या डॉक्टरांना याहून शोभणारे स्मारक कोणते असणार? निसर्गावर जबरदस्ती करून तो वश होत नाही. त्याला काय हवे आहे, हे धीराने पाहावे आणि तेवढेच त्याला द्यावे, म्हणजे धुराने काळवंडलेल्या शहरातही एका बाटलीत रान उगवते, हे वॉर्ड यांच्या जीवनाने दाखवून दिले.