रमाबाई रानडे आणि रोजची चार अक्षरे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे, असे ठरले आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी कै. रमाबाई रानडे यांचे नाव निवडले, त्याला कारण आहे. मंडळात नवा वर्ग काढायचा विषय निघाला की सवड कुठे आहे, हा प्रश्न हमखास येतो. तो खोटा नाही. पहाटे शिरवळच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्यांचे डबे, मग गोठा, मुलांची शाळा, शेत आणि पावसाळ्यात भाताची लावणी. एवढ्यात स्वतःसाठी वेळ उरतो तो किती? म्हणूनच भरल्या घरात, कामाच्या रगाड्यात आणि घरच्यांच्या रोषात राहून जी बाई शिकली, तिची हकिकत आपण समजून घेतली पाहिजे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरचे नाव यमुना. मुलींनी अक्षर शिकणे त्या घराला मान्य नव्हते. १८७३ च्या डिसेंबरात, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे, विद्वान आणि सरकारी न्यायाधीश. प्रथम पत्नी नुकतीच निवर्तली होती. सुधारक म्हणून त्यांनी विधवेशी विवाह करावा, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. विद्वान नवरा आणि पाटीला हातही न लागलेली बायको, असा तो जोडा होता.

पुण्याच्या घरी आल्याबरोबर माधवरावांनी रात्री तिला शिकवायला सुरुवात केली. पहिल्या बैठकीत मोजकीच अक्षरे झाली. पण दुसऱ्या रात्री पुन्हा पाटी निघाली, तिसऱ्या रात्रीही निघाली. अक्षरांवरून बाराखडी आणि बाराखडीवरून पुस्तक, अशी ती चाल होती. दिवस मात्र घरातल्या बायकांचा होता. सासरी सासू, नणंदा आणि नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका मिळून मोठा गोतावळा होता. स्वयंपाकात, वाढण्यात, सणावारात रमाबाईंचा वाटा ठरलेला असे आणि त्यात कसूर झालेली कोणाला चालत नसे. वर शिकण्यावरून टोमणे आणि अबोलाही वाट्याला येई. त्या उलट उत्तर देत नसत, आणि नवऱ्याकडे गाऱ्हाणेही नेत नसत. दिवसाचे काम दिवसा आणि पाठ रात्री, हा त्यांचा शिरस्ता होता.

पुढे १८७८ साली नाशिकला बदली झाली. तिथे घरची दडपण कमी होती, म्हणून अभ्यासाला मोकळीक मिळाली. इंग्रजी सुरू झाले, घरखर्चाचा हिशेब लिहिण्याची सवय लागली. पुण्याला परतल्यावर इंग्रजी शिकवायला एक मडम घरी येऊ लागल्या. त्यांच्याजवळ बसले म्हणजे विटाळ झाला, म्हणून धड्यानंतर स्नान केल्यावाचून रमाबाईंना घरात वावरता येत नसे. त्यांनी स्नान पत्करले, पण धडा सोडला नाही. माधवरावांची दृष्टी अधू होती, त्यामुळे त्यांना वाचून दाखवण्याचे काम पुढे रमाबाईंकडे आले. ज्यांच्याकडून अक्षरे शिकल्या, त्यांचेच डोळे त्या झाल्या.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला, तेव्हा रमाबाई रानडे त्याच्या सभांना जाऊ लागल्या. १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघावे, या मागणीसाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. हुजूरपागा या नावाने आपण ओळखतो ती शाळा त्याच वर्षी सुरू झाली. पहिल्या अक्षरापासून या दिवसापर्यंत जवळजवळ अकरा वर्षे गेली होती. घरी परतल्यावर मात्र शाबासकीऐवजी बोलणीच पदरात पडली.

१९०१ साली माधवराव निवर्तले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या. त्या पुण्यास येऊन राहिल्या आणि वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. पुढे येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुणे सेवासदनाची स्थापना झाली. संसारातल्या बायका आणि विधवा, दोघींनाही जमेल अशा वेळेचे, त्यांच्या सोयीचे वर्ग तिथे निघाले : लिहिणे-वाचणे, शिवण, प्रथमोपचार, पुढे परिचारिकेचे शिक्षण. बाईने एकदम सगळे सोडून शिकायला यावे, असा हट्ट तिथे नव्हता. १९१० साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुणे नगरपालिका सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलग्यांना देऊ पाहत होती, तेव्हा मुलींसाठी त्या बायकांसह रस्त्यावर उतरल्या. १९२४ साली त्या वारल्या, तोवर सेवासदनाची धुरा त्यांच्याकडेच होती.

या चरित्राचा विचार करताना मला दोन गोष्टी दिसतात. एक, त्यांनी कधी मोठा पल्ला एका दमात गाठायचे ठरवले नाही. आजचा पाठ तेवढा पुरा करायचा, हाच संकल्प. संकल्प मोठा केला की पहिल्याच लावणीच्या आठवड्यात तो मोडतो. लहान केला की लावणीच्या चिखलातून आल्यावरही पाळता येतो. दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. रमाबाईंना रोज रात्री विचारणारे कोणी तरी होते. पाठ झाला का, हे पाहणारा माणूस घरात नसता, तर त्या टोमण्यांपुढे ती पाटी किती दिवस टिकली असती? आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी असा माणूस असतोच असे नाही. ज्यांना तसे कोणी नव्हते, त्यांच्यासाठी रमाबाईंनी सेवासदन काढले, असे मला वाटते.

तेव्हा भगिनींनो, किकवीच्या आपल्या मंडळाने एवढे करावे अशी माझी सूचना आहे. प्रत्येकीने एकच लहान गोष्ट ठरवावी : रोज पुस्तकाचे एक पान, रोजच्या खर्चाच्या चार ओळी, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपल्या नावातले एक अक्षर. वेळही ठरवावी, दूध घातल्यावर म्हणा, की रात्रीची भांडी आवरल्यावर. आणि शेजारची एक मैत्रीण नेमावी, जी दर आठवड्याला विचारील. रागवायला नाही, फक्त विचारायला. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचे नाही, त्या दिवसाचे तेवढे करायचे. पुढल्या वर्धापनदिनाला प्रत्येकीने आपली वही घेऊन यावे. मोठ्या यादीपेक्षा ती वही पाहून मला अधिक समाधान होईल.