मुलांवर विश्वास टाकणारा लेखक

मुलांचे वाङ्मय म्हणजे फावल्या वेळची करमणूक, किंवा फार तर बोधाची गोळी साखरेत घोळवून देण्याचे साधन, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. मोठ्यांसाठी केलेले लेखन तेवढे गंभीर आणि मुलांसाठी केलेले लेखन सोपे, म्हणून कमी जबाबदारीचे, असा तिचा मथितार्थ. या समजुतीला ज्यांच्या चरित्राने सबळ उत्तर दिले, त्यांत जर्मन लेखक एरिख केस्टनर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. कुटुंबाची ताटातूट, चोरीचा छडा, गरीब-श्रीमंतांतील अंतर, शाळाशाळांतील वैर हे विषय घेऊन त्यांनी मुलांसाठी कादंबऱ्या लिहिल्या. आणि त्यांच्या हयातीत त्यांचा देश प्रथम मनाने आणि पुढे नकाशावरही दुभंगला. त्या देशातील वडीलधाऱ्यांचा विवेक सुटला तेव्हा मुलांच्या विवेकावर विसंबून राहणाऱ्या या लेखकाच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे बालवाङ्मयाचे सामर्थ्य ध्यानात येते, आणि त्याची मर्यादाही.

ड्रेस्डेनमधील बालपण

केस्टनर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८९९ रोजी ड्रेस्डेन शहरात झाला. वडील एमिल हे कसबी जिनगर. परंतु कारखानदारीच्या रेट्यापुढे त्यांचा स्वतंत्र धंदा टिकला नाही आणि त्यांना बॅगा तयार करणाऱ्या कारखान्यात मजुरी पत्करावी लागली. आई ईडा जिद्दीची होती. मुलाच्या शिक्षणाला पैसा कमी पडू नये म्हणून पस्तिशीच्या सुमारास तिने केशरचनेचे काम शिकून घेतले आणि त्यावर संसाराला हातभार लावला. घरातील एक खोली भाड्याने दिलेली असे आणि तेथे शिक्षक राहत. त्यांच्या सहवासामुळे आपणही शिक्षक व्हावे असे मुलाच्या मनाने घेतले. आईचे सारे आयुष्य या एका मुलाभोवती फिरत होते. तिला मधूनमधून नैराश्याचे झटके येत आणि ती घर सोडून जाई. तेव्हा तिला शोधत हा मुलगा एल्ब नदीच्या पुलांवर धावत सुटे. केस्टनर यांच्या पुस्तकांत आईची काळजी वाहणारी मुले इतक्या वेळा का भेटतात, याचे उत्तर येथे आहे.

१९१३ साली ते शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले. तेथील शिस्त लष्करी छावणीला शोभणारी होती. १९१७ मध्ये त्यांना सक्तीने सैन्यात घेण्यात आले, आणि निर्दय कवायतीने त्यांच्या हृदयावर कायमचा परिणाम झाला. आज्ञाधारक प्रजा घडवण्यासाठी आधी आज्ञाधारक शिक्षक घडवायचे, हा या दोन्ही संस्थांमागील समान हेतू त्यांना उमगला. युद्ध संपताच त्यांनी शिक्षकी पेशाचा मार्ग सोडला, शालान्त परीक्षा दिली आणि शिष्यवृत्तीच्या बळावर लाइपझिग विद्यापीठ गाठले. १९२५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. वृत्तपत्रातील नोकरी मात्र १९२७ साली एका धीट कवितेपायी गेली आणि ते बर्लिनला आले.

चोरीचा छडा आणि शाळेचे वैर

बर्लिनमध्ये प्रकाशिका एडिथ याकोबसोन यांनी त्यांना मुलांसाठी लिहिण्याचा आग्रह केला. त्यातून १९२९ मध्ये ‘एमिल आणि गुप्तहेर’ ही कादंबरी आली. केशरचनेवर घर चालवणाऱ्या विधवेचा मुलगा आजीकडे बर्लिनला निघतो. आईने काटकसरीने साठवलेले १४० मार्क त्याने कोटाच्या आतल्या खिशात टाचणीने टाचून ठेवलेले असतात. आगगाडीत डोळा लागतो आणि पैसे जातात. आपल्या गावातील पुतळ्याचे नाक रंगवल्याची भीती मनात असल्यामुळे तो पोलिसांकडे जाण्यास कचरतो. अखेर अनोळखी शहरातील मुले त्याच्या पाठीशी उभी राहतात, वर्गणी काढतात, पहारे वाटून घेतात आणि चोराला गराडा घालतात. नोटांना पडलेली टाचणीची भोके हाच पुरावा ठरतो. या रहस्यकथेत कोणी अलौकिक बुद्धीचा गुप्तहेर नाही. आहे ती शिस्त, आणि तीही कोणी लादलेली नव्हे. सर्वांना पाठलागाची हौस असताना ‘छोटा मंगळवार’ नावाचा एक मुलगा मात्र घरी टेलिफोनजवळ बसून राहतो, कारण ते काम कोणीतरी करायलाच हवे असते. लेखकाने खरा मान त्यालाच दिला आहे.

१९३१ मध्ये आलेल्या ‘प्युंक्टशेन आणि अँटोन’मध्ये धनिकाची मुलगी आणि आजारी आईची शुश्रूषा करून पैसे मिळवणारा मुलगा यांची मैत्री आहे. १९३३ मधील ‘उडती शाळा’ ही त्याहून सखोल कृती होय. एकाच गावातील दोन शाळांच्या मुलांत पिढीजात वैर आहे. एका पक्षाची मुले दुसऱ्या पक्षातील विद्यार्थ्याला पकडून तळघरात कोंडतात आणि त्याच्याजवळच्या श्रुतलेखनाच्या वह्या त्याच्यासमोर जाळतात. याच कादंबरीत ‘युस्टुस’ या टोपणनावाने ओळखले जाणारे एक शिक्षक आहेत. आजारी आईला भेटण्यासाठी वसतिगृहातून पळाल्याबद्दल लहानपणी त्यांना शिक्षा झालेली असते. मुलांना मन मोकळे करता येईल असा एक तरी माणूस शाळेत असावा म्हणून ते तेथेच शिक्षक होऊन परततात. भाड्याला पैसे नसल्यामुळे नाताळात घरी जाऊ न शकणाऱ्या मुलाचे दुःख ते त्याने न सांगता ओळखतात. ज्या पेशाकडे केस्टनर यांनी पाठ फिरवली, त्याचे इतके हृद्य चित्र फार थोड्या लेखकांनी काढले असेल.

ग्रंथांची होळी

वह्या जाळण्याचा हा प्रसंग असलेले पुस्तक ज्या वर्षी निघाले, त्याच वर्षी १० मे रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात नाझी विद्यार्थ्यांनी ग्रंथांची होळी पेटवली. नाव पुकारून ज्यांची पुस्तके आगीत टाकली गेली, त्यांत केस्टनर होते. आणि आपली पुस्तके जळताना पाहत ते स्वतः त्या गर्दीत उभे होते. ‘एमिल’ची लोकप्रियता एवढी मोठी होती की त्या पुस्तकाला हात लावण्याचे प्रथम टाळले गेले, परंतु पुढे त्याचीही गय झाली नाही. प्रकाशिका याकोबसोन देश सोडून गेल्या. ‘एमिल’ची चित्रे काढणारे वॉल्टर ट्रीअर ज्यू होते, १९३६ मध्ये त्यांनी लंडन गाठले.

केस्टनर मात्र गेले नाहीत. गेस्टापोने त्यांना दोनदा ताब्यात घेतले आणि सोडले. स्वदेशात प्रकाशनबंदी असल्यामुळे त्यांची पुस्तके स्वित्झर्लंडमधून निघत. जे घडते आहे त्याचा साक्षीदार राहावे आणि आईला एकटे टाकू नये, अशी दोन कारणे त्यांच्या राहण्यामागे होती. ते लघुलिपीत गुप्तपणे रोजनिशी लिहीत. त्याच वेळी, १९४२ साली, सरकारी आश्रयाखालील उफा कंपनीसाठी टोपणनावाने ‘म्युन्शहाउझेन’ या चित्रपटाची पटकथाही त्यांनी लिहिली, आणि त्यानंतर लवकरच त्यांच्यावर संपूर्ण लेखनबंदी आली. या तडजोडीवर पुढे टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. त्यांचे जिवलग मित्र, चित्रकार एरिख ओझर यांना राजवटीविरुद्ध बोलल्याबद्दल अटक झाली, आणि १९४४ मध्ये खटल्याच्या आदल्या रात्री कोठडीत त्यांनी जीवन संपवले. अशा काळात राहून जिवंत राहणे ही गोष्टच निष्कलंक असू शकत नव्हती. नाझी राजवटीवरील जी मोठी कादंबरी लिहिण्याच्या हेतूने ते राहिले, ती त्यांच्या हातून कधीच लिहून झाली नाही.

याहूनही विदारक हिशेब दुसराच आहे. १९३१ मध्ये ‘एमिल’वर चित्रपट निघाला होता. त्यात एमिल झालेला मुलगा आणि छोटा मंगळवार झालेला मुलगा असे दोघेही १९४२ साली हिटलरच्या युद्धात सैनिक म्हणून मारले गेले. पडद्यावर चोराला गराडा घालणाऱ्या मुलांना वडीलधाऱ्यांच्या गुन्ह्यातून कोणतेही पुस्तक वाचवू शकले नाही.

दुभंगलेले घर, दुभंगलेला देश

फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बवर्षावाने ड्रेस्डेन बेचिराख झाले. आईवडील वाचले, पण शहर सोव्हिएत विभागात गेले. केस्टनर म्यूनिकमध्ये स्थायिक झाले; वृत्तपत्राचा साहित्यविभाग आणि तरुणांसाठीचे ‘पिंग्विन’ हे मासिक त्यांनी सांभाळले. १९४९ मध्ये जर्मनीची दोन राज्ये झाली, आणि त्याच वर्षी त्यांची ‘दोन लोटी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. युद्धकाळातच ही कथा चित्रपटासाठी योजली होती. घटस्फोटानंतर आईने एक आणि वडिलांनी एक मुलगी नेलेली. एक म्यूनिकमध्ये वाढते, दुसरी व्हिएन्नात. सुटीतील शिबिरात समोरासमोर आल्यावर आपण जुळ्या बहिणी असल्याचे रहस्य त्यांना उलगडते, आणि त्या अदलाबदल करून एकमेकींच्या घरी जातात. घटस्फोटासारखा विषय मुलांच्या पुस्तकात आणू नये, अशी तेव्हाची रीत होती. जे मुलांना भोगावे लागते ते त्यांच्याशी बोलायला हरकत कसली, अशी केस्टनर यांची भूमिका होती.

ही कथा भारतातही पोचली, मात्र लेखकाचे नाव मागे ठेवून. तिच्यावरून १९६१ मध्ये डिस्नेने ‘द पेरेंट ट्रॅप’ काढला. त्याच्या आधाराने १९६५ मध्ये तमिळ ‘कुळन्दैयुम् दैवमुम्’ आणि त्यावरून १९६८ मध्ये हिंदी ‘दो कलियाँ’ आला. बालवयातील नीतू सिंगच्या दुहेरी भूमिकेचे कौतुक करणाऱ्या अनेकांना तिच्यामागे ड्रेस्डेनच्या एका जिनगराचा मुलगा उभा असल्याची कल्पना नसेल.

१९४९ मध्येच ‘प्राण्यांची परिषद’ आली. मूळ कल्पना येला लेपमान यांची. नाझींमुळे देश सोडावा लागलेल्या या ज्यू विदुषीने परत येऊन म्यूनिकमध्ये आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभारले होते. माणसांच्या परिषदा निष्फळ ठरल्यावर प्राणी मुलांच्या हितासाठी परिषद भरवतात, अशी ही कथा. पुढे पश्चिम जर्मन ‘पेन’चे अध्यक्षपद, १९५७ चा ब्युश्नर पुरस्कार, १९६० चे हान्स क्रिश्चन अँडरसन पदक असे मान त्यांना लाभले. अण्वस्त्रांविरुद्धच्या मोर्चांत ते सामील झाले. तरीही १९६५ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे एका धार्मिक युवक-गटाने पुस्तके जाळली, त्यांत पुन्हा केस्टनर यांचे पुस्तक होते. २९ जुलै १९७४ रोजी म्यूनिकमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांची जन्मभूमी सीमेपलीकडे होती. १९९० मध्ये देश एक झाला, आणि २००० साली ड्रेस्डेनमध्ये त्यांच्या मामाच्या घरात त्यांचे संग्रहालय सुरू झाले.

केस्टनर यांच्या पुस्तकांनी हिटलरला अडवले नाही, म्हणून ती व्यर्थ ठरत नाहीत. आगीने सगळेच संपते तर १९३३ मध्ये होळ्या पेटवणाऱ्यांचा विजय कायम राहिला असता. मुलाला गरिबी दिसते, आईबापांतील दुरावा कळतो, गावातील दोन तट ठाऊक असतात. मोठी माणसे मात्र त्याच्यापुढे हे काहीच नसल्याचा बहाणा करतात. हा बहाणा केस्टनर यांनी केला नाही. शाळेच्या कपाटात कोणती पुस्तके ठेवायची हे ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे ते एवढेच. निरुपद्रवी पुस्तके निवडणे सोपे असते. परंतु जी मुले उद्या दुभंगलेल्या समाजात नागरिक म्हणून उभी राहणार आहेत, त्यांच्या हाती आज खरे बोलणारे पुस्तक देणे ही शिक्षणाची प्राथमिक जबाबदारी आहे.