पेणचे दामले आणि बोलपटाचा आवाज

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला स्पीकर बदलला की तीच गिटार, तीच बोटे आणि तेच सर्किट असूनही नाद वेगळा येतो. कर्कश सूर गोलसर होतो, दबलेला सूर मोकळा होतो. विजेच्या लहरींचे हवेतल्या लहरींत रूपांतर करण्याचे शेवटचे काम स्पीकरचे असते. त्याने जे सोडले नाही, ते कानापर्यंत पोहोचत नाही. मायक्रोफोनपासून स्पीकरपर्यंतची ही साखळी मराठी बोलपटासाठी पहिल्यांदा ज्यांना जुळवावी लागली, ते विष्णुपंत गोविंद दामले मूळचे रायगड किनाऱ्यालगतच्या पेणचे.

दामल्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा. यंत्रांची ओढ त्यांना कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्याकडे घेऊन गेली. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच घडवायचे मनावर घेतले होते. १९१६ मध्ये आनंदराव वारले. पुढे दामल्यांच्या मदतीने बाबूरावांनी तो कॅमेरा १९१८ मध्ये पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले असे काम करता करताच शिकले. १ जून १९२९ रोजी त्यांनी फत्तेलाल, व्ही. शांताराम, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली.

कंपनीचे बस्तान बसते न बसते तोच १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला. पडद्यावरची माणसे बोलू लागली आणि मूकपट एका रात्रीत जुने वाटू लागले. प्रभातसमोर दोनच वाटा होत्या : आवाजाचे तंत्र शिकायचे किंवा गाशा गुंडाळायचा. कंपनीत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामल्यांवर आली. तेव्हा त्यांचे वय चाळिशीला टेकले होते.

तंत्र नाजूक होते. नटाच्या आवाजाने मायक्रोफोनमधला पातळ पडदा थरथरतो आणि त्यातून विजेचा क्षीण प्रवाह निघतो. तो वाढवून त्याच्या चढउतारांनुसार प्रकाशाची तिरीप कमीजास्त केली जाते. ती तिरीप फिल्मच्या कडेला बारीक पट्टी उमटवते, हीच ध्वनिपट्टी. चित्रपटगृहात या पट्टीतून पुन्हा प्रकाश जातो, प्रकाशविद्युत घट त्याची वीज करतो, अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकर तिचा आवाज करतो. साखळीतला एक दुवा कच्चा राहिला, तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

बोलपटाच्या सुरुवातीच्या त्या दिवसांत पार्श्वगायन नव्हते. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून गात असे आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करीत. गाणे, साथ आणि कॅमेऱ्याची घरघर एकाच वेळी चालू असे. त्यातून हवा तो आवाज वेगळा उचलणे ध्वनिमुद्रकाच्या कानावर अवलंबून होते. अशा परिस्थितीत १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ पुरा झाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांचा हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला. प्रभात तरली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली.

स्टुडिओत उत्तम ध्वनिमुद्रण झाले, तरी शेवटचा दुवा चित्रपटगृहात असे. पडद्यामागच्या स्पीकरमध्ये चुंबक, तारेचे वेटोळे आणि शंकूच्या आकाराचा कागद असतो. वेटोळ्यातून वीज वाहिली की ते चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे हलते आणि कागदी शंकू हवा ढकलतो. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी हा प्रकार १९२५ मध्ये आजच्या रूपाला आणला. शंकू जड असेल, तर तो झपाट्याने हलू शकत नाही आणि उंच सूर मंदावतात. माणसाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘च’ हे वर्ण त्यातल्या वरच्या पट्ट्यात येतात. ते गळले की आवाज मोठा असूनही शब्द कळत नाहीत. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागलेल्यांची तक्रारही नेमकी हीच असते.

शब्द पोहोचणे किती महत्त्वाचे, हे १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये दिसले. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, केशवराव भोळे यांचे संगीत आणि विष्णुपंत पागनीस यांची भूमिका. अभंगातला शब्द कळला नसता, तर या चित्रपटात उरले काय असते? तो मुंबईत वर्षभराहून अधिक चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे ‘गोपाळकृष्ण’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ही याच जोडीने दिग्दर्शित केले. ५ जुलै १९४५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी दामले गेले.

गिटारचा स्पीकर मात्र वेगळ्या हिशेबाने निवडतात. त्यात साधारण ५,००० कंपनांच्या वरचे सूर मुद्दाम कमी ठेवलेले असतात. तसे नसते तर ताणलेला सूर कानाला बोचला असता. म्हणजे चांगला स्पीकर कोणता, हे त्यातून काय ऐकायचे आहे त्यावर ठरते. बदलताना ओहमचा आकडा अ‍ॅम्प्लिफायरशी जुळला पाहिजे आणि वॅटची क्षमता पुरेशी हवी. संवेदनशीलता ३ डेसिबलने जास्त असलेला स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्यासारखा वाजतो. त्यामुळे नवा स्पीकर बसवल्यावर आवाजाची कळ आधी खाली आणावी. मोठ्या आवाजाने कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हा दुवा मात्र बदलून मिळत नाही.

प्रभातच्या पुण्यातल्या जागेवर १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. दामल्यांना काम करता करता शिकावे लागले ते ध्वनिमुद्रण आज तिथे रीतसर शिकवले जाते.