छात्रालयातील दैनिकापासून ‘साधने’पर्यंत : साने गुरुजी

कुमारवयीन मुलांसाठी लिहावे, आणि लिहिलेले त्यांच्या हाती पडावे म्हणून प्रकाशकाची वाट न पाहता स्वतःच पत्र काढावे, हा उद्योग महाराष्ट्रात ज्यांनी जन्मभर केला त्यांत साने गुरुजींचे नाव अग्रभागी आहे. निवासी शाळेच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावेसे आम्हांस वाटते, कारण त्यांच्या लेखणीची खरी सुरुवात एका वसतिगृहातच झाली.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. पालगड दक्षिण कोकणातले, आपले पालघर उत्तर कोकणातले. नावांतले साम्य योगायोगाचे असले तरी भातखाचरे, पावसाळा आणि समुद्रावरून येणारा वारा दोहोंकडे सारखाच. घराणे खोताचे, पण पांडुरंगाच्या बालपणीच त्याला उतरती कळा लागली होती. दापोली, औंध आणि पुणे अशा ठिकाणी त्यांचे शिक्षण झाले. परगावी राहणे, जेवणाची विवंचना, फीची काळजी, हे सर्व त्यांनी स्वतः सोसले. 1917 मध्ये आई यशोदाबाई गेल्या. त्या वेळी मुलगा शिक्षणासाठी दूर होता. ही वेदना पुढे त्यांच्या साऱ्या लेखनाच्या तळाशी राहिली.

एम.ए. झाल्यावर 1924 मध्ये ते खानदेशातील अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले वर्गात गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, पसरलेले कपडे घडी करून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. रागावून शिस्त लावण्यापेक्षा स्वतः काम करून दाखवावे, ही त्यांची पद्धत होती.

याच छात्रालयात त्यांनी हस्तलिखित दैनिक सुरू केले. त्याला ना छापखाना होता, ना वर्गणीदार, ना जाहिराती. गुरुजी ते आपल्या हाताने लिहीत. छात्रालयातील घडामोडी, देशातील बातम्या, थोरांच्या गोष्टी, हळुवार उपदेश असे सारे त्यात असे, आणि वाचक म्हणजे छात्रालयातील मुले. लेखक, संपादक आणि प्रकाशक एकच, आणि वाचक रोज त्याच्याच पंगतीला बसणारा! मुलाला काय कळते, कोठे कंटाळा येतो, कोणत्या वाक्याला डोळे भरून येतात, हे गुरुजींना येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. त्यांची साधी, ओघवती, पुढ्यात बसून बोलल्यासारखी भाषा या शाळेत तयार झाली, असे आम्ही मानतो. पुढे 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले.

1930 मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग पाहिले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच ती पुस्तकरूपाने आपणांस लाभली. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतले. दिवसा तुरुंगातील काम आणि रात्री लेखन असे चालवून 9 ते 13 फेब्रुवारी या अवघ्या पाच दिवसांत त्यांनी या पुस्तकाचे मुख्य लेखन पूर्ण केले. एका गरीब घरातील मुलगा रोज रात्री सोबत्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो, एवढीच त्याची मांडणी. छात्रालयातील गोष्टी सांगण्याची सवयच येथे ग्रंथरूप झाली.

हे पुस्तक 1935 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे दीर्घकाळ ज्या संस्थेने त्याच्या आवृत्त्या काढल्या ती पुणे विद्यार्थी गृह ही संस्था मुळात गरीब विद्यार्थ्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय करण्यासाठी उभी राहिलेली होती. 1953 मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला. तो पाहावयास गुरुजी मात्र नव्हते. ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत छात्रालयाचे जीवन आले आहे. कादंबऱ्या, गोष्टी, चरित्रे, पत्रे, अनुवाद मिळून त्यांची पुस्तके सुमारे 80 भरतात.

1938 मध्ये त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढून शेतकरी-कामगारांची दुःखे मांडली. 1942 च्या लढ्यात ते भूमिगत राहिले. त्याच वर्षी 14 ऑगस्टला पालघरात पाच तरुण गोळीबारात हुतात्मे झाले, हे आपल्या भागातील प्रत्येक घरास ठाऊक आहे.

स्वातंत्र्य दाराशी आले असता गुरुजींना अस्पृश्यतेचा कलंक अस्वस्थ करीत होता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 पासून उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी ते सुटले व मंदिराचा मार्ग मोकळा झाला. बाबासाहेबांनी मात्र 1935 मध्येच येवल्यास धर्मांतराची घोषणा करून मंदिराच्या दारापासून पाठ फिरविली होती आणि 1956 मध्ये त्यांनी आपणांस धम्माचा मार्ग दिला. आमचा मार्ग तो आहे. त्यामुळे मंदिरप्रवेश हे आमचे ध्येय नव्हे. तरीही अन्याय ज्या समाजाने केला त्याच समाजात जन्मलेल्या माणसाने त्याचे प्रायश्चित्त म्हणून आपले प्राण पणास लावले, याची कृतज्ञ नोंद आम्ही करतो. मतभेद सांगूनही आदर राखता येतो, हे आमच्या मुलांनी शिकावे.

15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. स्वातंत्र्यानंतरची विषमता आणि द्वेष पाहून खचलेल्या या कोमल मनाच्या माणसाने 11 जून 1950 रोजी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. इतरांच्या उशाशी बसणाऱ्याच्या उशाशीही कोणी बसावे लागते, हे पालकांनी, शिक्षकांनी आणि सोबत्यांनी विसरू नये.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या, पाड्यांवर राबणाऱ्या आईबापांची मुले आज वसतिगृहांत राहून शिकतात. त्यांच्याही आया आहेत, त्यांच्याही आठवणी आहेत. त्या अजून लिहिल्या गेल्या नाहीत एवढेच. त्यासाठी मोठा प्रकाशक लागत नाही. चार कोरे कागद, एक लेखणी आणि वाट पाहणारे दहा सोबती एवढ्यावर आरंभ होतो. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या वसतिगृहात असे एक हस्तलिखित सुरू करून दिले, तर गुरुजींचे स्मरण पुतळ्याहून अधिक काळ टिकेल. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.