विश्लेषण : छपाईला ‘ठळक’ अक्षर देणारे रॉबर्ट बेस्ली कोण होते?

शब्दकोशातला मूळ शब्द जाड अक्षरात आणि अर्थ साध्या अक्षरात, ही मांडणी आज सवयीची आहे. तिला आकार देणाऱ्या ‘क्लॅरेंडन’ या टाइपमागे लंडनमधील रॉबर्ट बेस्ली होते.

टाइपच्या धंद्यात कसे आले?
बेस्ली यांचा जन्म १७९४ मध्ये इंग्लंडमधील एक्झिटर येथे झाला. १८२६ मध्ये ते विल्यम थोरोगुड यांच्या ‘फॅन स्ट्रीट’ टाइप फाउंड्रीत दाखल झाले. काम होते छापखान्यांत फिरून खिळे विकण्याचे. पुढे १८३८ मध्ये ते भागीदार झाले आणि १८४९ मध्ये थोरोगुड निवृत्त झाल्यावर फाउंड्रीचे प्रमुख.

क्लॅरेंडनमध्ये वेगळे काय?
अक्षराच्या टोकांना पट्टीसारख्या जाड आडव्या रेघा असलेले ‘स्लॅब सेरिफ’ टाइप लंडनमध्ये आधीच आले होते. पण ते मुख्यतः जाहिराती आणि भित्तिपत्रकांसाठी होते. पुस्तकाच्या ओळीत ते बसत नसत. त्यामुळे एखादा शब्द उठून दिसावा म्हणून तिरपी किंवा मोठी अक्षरे वापरावी लागत. १८४५ मध्ये आलेल्या क्लॅरेंडनने ही अडचण सोडवली. त्याचे साचे बेंजामिन फॉक्स यांनी कोरले. त्यात पट्टी उभ्या रेघेला काटकोनात न भिडता वळण घेऊन मिळते आणि जाड-बारीक रेघांतला फरक बेताचा राहतो. म्हणून लहान आकारातही ते स्पष्ट वाचता येते आणि साध्या अक्षरांशेजारी जुळून दिसते.

नक्कल का रोखता आली नाही?
बेस्ली यांनी हा टाइप आरेखन संरक्षणाच्या तेव्हाच्या कायद्याखाली नोंदवला. टाइपला असे संरक्षण मिळवण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. मात्र मुदत होती फक्त तीन वर्षांची. ती संपताच इतर फाउंड्र्यांनी आपापली क्लॅरेंडन बाजारात आणली. इंग्रजी छपाईत कोणत्याही जाड टाइपला ‘क्लॅरेंडन’ म्हणण्याचा प्रघात पडला. नाव सर्वांचे झाले, हक्क मात्र निर्मात्याकडे उरला नाही.

बेस्ली यांचे पुढे काय झाले?
१८६१ मध्ये ते धंद्यातून निवृत्त झाले आणि शहराच्या कारभारात रमले. १८६९ मध्ये ते लंडनचे लॉर्ड मेयर झाले. एकेकाळच्या फिरत्या विक्रेत्यासाठी ही मजल मोठी होती. १८७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज हा टाइप कुठे शोभतो?
मथळे, फलक, वेष्टने आणि कोशातील मूळ शब्द या त्याच्या हक्काच्या जागा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतील फलकांवर तो अनेक वर्षे दिसत असे. पानभर मजकुरासाठी मात्र तो जड पडतो. सगळेच ठळक छापले, तर ठळक काहीच उरत नाही.