दादोबा पांडुरंग तर्खडकर

दादोबा पांडुरंग तर्खडकर (९ मे १८१४ - १७ ऑक्टोबर १८८२) हे मराठी व्याकरणकार, शिक्षक व धर्मसुधारक होते. त्यांना मराठी भाषेचे पाणिनी असे संबोधले जाते. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे धाकटे बंधू होत.

जीवन

दादोबांचा जन्म मुंबईत झाला. त्यांनी जावरा संस्थानच्या नवाबाचे शिक्षक म्हणून आणि पुढे मुंबई व सुरत येथे अध्यापन केले. शिक्षक घडविणाऱ्या मुंबईतील नॉर्मल वर्गाचे ते प्रमुख होते. १८५२ मध्ये ते अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांच्या बंडाळीच्या वेळी केलेल्या कामगिरीबद्दल त्यांना रावबहादूर हा किताब मिळाला.

व्याकरणलेखन

विल्यम केरी यांचे १८०५ मधील मराठी व्याकरण इंग्रजीत असून ते मुख्यतः परकीयांसाठी होते. दादोबांनी १८३६ मध्ये, ऐन बाविशीत, 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' मराठी विद्यार्थ्यांसाठी मराठीतच प्रसिद्ध केले. संस्कृत व इंग्रजी व्याकरणांचा आधार घेतला, तरी मराठीचे स्वतंत्र वळण नियमबद्ध करणे हे त्यांच्यापुढील खरे आव्हान होते.

हे वळण क्रियापदांत विशेष दिसते. इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषेत क्रियापदाला लिंगभेद नाही. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद सामान्यतः कर्माचे लिंग व वचन घेते. उदाहरणार्थ, मुलाने पोथी वाचली. मात्र शिकणे, विसरणे, पिणे, बोलणे अशा मोजक्या क्रियापदांचा एक गट सकर्मक असूनही कर्त्याप्रमाणे चालतो. उदाहरणार्थ, मुलगा छत्री विसरला, मुलगी धडा शिकली. अशी रूपे परभाषेच्या साच्यात बसत नाहीत. ती कर्तरी, कर्मणी व भावे या प्रयोगांच्या विचारानेच उलगडतात. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा केली, तर मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात पूर्वसूरींच्या मतांची फेरतपासणी केली.

दादोबांनी स्वतःही आपले व्याकरण अंतिम मानले नाही. १८५० मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, १८६५ मध्ये शाळांसाठी लघु व्याकरण आले आणि मृत्यूपूर्वी एक वर्ष, १८८१ मध्ये, त्यांनी मोठ्या व्याकरणाची पूरणिका प्रसिद्ध केली. एका विषयाचा हा व्यासंग सुमारे ४५ वर्षे चालला.

सामाजिक कार्य

१८४४ मध्ये सुरतेत दुर्गाराम मेहताजी आदींसह त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे ते प्रमुख प्रेरक होते. जातिभेद न मानणाऱ्या या सभेचे काम बहिष्काराच्या भीतीने गुप्तपणे चाले. सभासदांची नावे उघड झाल्यावर, १८६० च्या सुमारास, ती संपुष्टात आली. तिचे काही सभासद पुढे प्रार्थना समाजात सामील झाले.

इतर लेखन

मोरोपंतांच्या केकावलीवरील 'यशोदा पांडुरंगी' ही टीका आणि 'धर्मविवेचन' हे त्यांचे अन्य ग्रंथ होत. त्यांचे १८४६ पर्यंतचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी संपादित केले.